वळणावरची बैलगाडी

परवा नातू सुट्टीला आला होता. तो सिव्हिल इंजिनिअर. जेवणं झाल्यावर लॅपटॉप उघडून एका दुपदरी रस्त्याचं वळण आखत बसला. मी मराठी माध्यमाचा बी. ए., मला त्यातलं काय कळणार? पण जन्मभर इतिहास शिकवल्यामुळे प्रश्न विचारायची खोड जात नाही.

"सुपरएलेव्हेशन काढतोय, आजोबा," तो म्हणाला. म्हणजे वळणावर रस्त्याची बाहेरची कड उचलायची. सायकलवर वळताना आपण आत कलतो, तसा इथे रस्ताच कलता करायचा. एरवी रस्ता मध्ये उंच आणि दोन्ही कडांना उतरता असतो, पाणी निघून जावं म्हणून. दुभाजक नसलेल्या रस्त्यावर वळण जवळ आलं की आधी बाहेरची अर्धी बाजू सपाट होते, मग आतल्या बाजूच्या सरळ रेषेत येते आणि पुढे सगळा रस्ता मध्यरेषेभोवती पाटासारखा कलतो. हे कुठून सुरू करायचं ते सॉफ्टवेअर काढतं. त्याला फक्त सांगायचं, कोणत्या देशाचं कोष्टक धरायचं.

त्या यादीत अमेरिकेची कोष्टकं होती, पार १२ टक्के उतारापर्यंत. नातवाने ७ टक्क्यांची मर्यादा घातली.

"आपल्याकडे सातच का रे?"

"बैलगाडीमुळे!"

मी चाटच पडलो. मग त्याने समजावलं. भरधाव मोटार वळणावर बाहेर फेकली जाते, तिला जास्त उतार हवा. पण त्याच उतारावर उंच भरलेली गाडी सावकाश चालली तर आतल्या बाजूला कलंडते. म्हणून आपल्या सूत्रात पूर्ण वेग धरतच नाहीत, तीन चतुर्थांश धरतात. वेगाचा वर्ग भागिले २२५ गुणिले त्रिज्या. ताशी ८० किलोमीटर आणि ५०० मीटर त्रिज्या असेल तर उतार ५.७ टक्के. ७ मीटर रुंद रस्त्याची बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा सुमारे ४० सेंटिमीटर उंच. उरलेला भार टायर आणि रस्ता यांच्या घर्षणावर. उत्तर सातच्या वर गेलं तर सातवरच थांबायचं, घर्षण पुरतंय का पाहायचं, आणि नसेल पुरत तर मोटारीने वेग कमी करायचा. १९८० च्या भारतीय मानकात सपाट मुलखासाठी हीच मर्यादा आहे. बर्फ न पडणाऱ्या डोंगरी भागात १० टक्के.

ही मानकं काढणारी संस्था म्हणजे इंडियन रोड्स काँग्रेस. तिच्या मुळाशी एक मराठी माणूस आहे. पहिल्या महायुद्धानंतर मोटारी वाढल्या आणि बैलगाड्यांसाठी बांधलेले खडीचे रस्ते उखडू लागले. १९२७ साली सरकारने समिती नेमली, तिचे अध्यक्ष बॅ. मुकुंदराव जयकर. इंजिनिअर नव्हे, वकील! समितीच्या शिफारशींतून १९२९ साली पेट्रोलवरच्या करातून रस्ते निधी उभा राहिला आणि १९३४ साली ही काँग्रेस स्थापन झाली. पुणे विद्यापीठातलं जयकर ग्रंथालय ज्यांच्या नावाचं, तेच हे. रस्त्यांशी त्यांचा संबंध मी वर्गात कधी सांगितला नाही, याची आता रुखरुख वाटते.

लहानपणी आमच्या गावाबाहेरच्या वळणावर उसाची गाडी कलंडलेली मी पाहिली आहे. जू मानेवर तसंच, एक बैल खाली, आणि गाडीवान त्याच्या तोंडाशी बसलेला. ते चित्र अजून डोळ्यांपुढून जात नाही.

आज दुपदरी रस्त्यावर मोटारींचीच गर्दी असते. पण हंगामात उसाच्या गाड्या अजून त्याच वळणांवरून जातात. मोटारवाला चिडून हॉर्न वाजवतो. त्याला काय ठाऊक, या रस्त्याचा उतार ठरवताना त्या गाडीवानालाही विचारात घेतलंय!

सॉफ्टवेअरला बैल दिसत नाही. कोष्टक निवडणाऱ्याला दिसला पाहिजे. नातवाला दिसला, बरं वाटलं.

असो. बाकी पुन्हा केव्हातरी.