तालीम आणि यंत्र : माळव्यातील संगीतशिक्षणाचा एक मागोवा

इंदूर शहराच्या पश्चिम भागातील सुदामा नगर ही नोकरदार कुटुंबांची मोठी वसाहत. अशा वसाहतीत आज खाजगी संगीतशिक्षणाचे दोन प्रकार शेजारी शेजारी नांदताना दिसतात. एका घरी चटईवर बसलेली मुले गुरूंच्या मागून पलटे म्हणतात. दुसऱ्या घरी गुरू भ्रमणध्वनीच्या पडद्यावर असतात व शिष्य शेकडो कोस दूर. ही दुसरी रीत २०२० सालच्या टाळेबंदीत घरोघर पोहोचली, तेव्हा अनेकांना ती अघटित वाटली. वस्तुतः गुरू व शिष्य यांच्यामध्ये यंत्र येऊन बसल्यास शतकाहून अधिक काळ लोटला आहे, आणि या इतिहासातील काही महत्त्वाची पाने माळव्यातच लिहिली गेली आहेत.

पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी १९०१ साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापिले. पंडित भातखंडे यांनी घराण्यांच्या बंदिशी स्वरलिपीत बांधून छापल्या. गुरुमुखाची विद्या कागदावर उतरली. त्याच सुमारास, १९०२ साली, कलकत्त्यास गोहरजान यांचे गाणे तबकडीवर मुद्रित झाले. ती तबकडी जेमतेम तीन मिनिटांची. ज्या रागास घटका-दोन घटका लागाव्यात तो तीन मिनिटांत आटोपावा लागे. तरीही बंदिशीचा तोंडवळा व तानेची फेक तीतून कळे, आणि ऐकून शिकणाऱ्यांची एक नवी जात जन्मास आली.

तिचे सर्वांत विलक्षण उदाहरण म्हणजे कुमार गंधर्व. बेळगावजवळच्या सुळेभावी येथे १९२४ साली जन्मलेला हा बालक थोरांच्या तबकड्या ऐकून त्या हुबेहूब गाऊन दाखवी. श्रोते थक्क होत. परंतु वयाच्या अकराव्या-बाराव्या वर्षी तो मुंबईस प्राध्यापक बा. र. देवधर यांच्याकडे शिकू लागला, तेव्हा कुठे त्या नकलेचे गाणे होऊ लागले. पुढे क्षयाच्या आजारामुळे कुमारजी १९४८ साली देवासास आले आणि माळव्याचेच झाले. तबकडी सर्व काही देऊ शकली असती, तर त्या बालकास देवधरांची गरज भासली नसती.

गोमंतकाच्या केसरबाई केरकर यांचे उदाहरण याच्या अगदी उलट दिशेचे आहे. त्यांना अल्लादियाखाँसाहेबांची तालीम १९२१ पासून खाँसाहेबांच्या निधनापर्यंत, म्हणजे १९४६ पर्यंत, मिळाली. पंचवीस वर्षांच्या कष्टाचे धन कोणी यंत्रातून चोरून नेऊ नये, याविषयी त्या अतिशय सावध असत. हा हट्ट होता की स्वाभिमान, याचा निर्णय ज्याने त्याने करावा. नियतीचा खेळ असा की, १९७७ साली अंतराळात धाडलेल्या व्हॉयेजर यानांवरील तबकडीत केसरबाईंची भैरवी समाविष्ट झाली, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात त्या निवर्तल्या.

इंदूरचे उस्ताद अमीरखाँ (१९१२–१९७४) यांच्या गायकीस मात्र यंत्राने उपकृत केले. अतिविलंबित लयीतील त्यांचा मेरुखंडी विस्तार तीन मिनिटांत मावणारा नव्हताच. दीर्घ ध्वनिमुद्रिका आली, एका बाजूस वीस मिनिटे मिळाली, तेव्हा त्यांचा मारवा घरोघरी पुन्हा पुन्हा ऐकता आला. पाठोपाठ फीतमुद्रक आला. आकाशवाणीवरचे गाणे मुद्रित करून, फीत मागे-पुढे करीत एकेक स्वरवाक्य उतरवून घेणारे विद्यार्थी त्या काळी कमी नव्हते.

तथापि या सर्व यंत्रांत एक समान उणीव होती. शिष्य चुकला तर ती बोलत नसत. पडद्यावरचा गुरू बोलतो, हा त्याचा खरा विशेष. पण तेथे दुसरीच अडचण उभी राहते. समोरासमोर दोन हातांवर बसलेल्यांचा आवाज सेकंदाच्या सहस्रांशांत पोहोचतो. महाजालावरून जाणारा आवाज जाता-येता मिळून सेकंदाचा तृतीयांश सहज घेतो. मिनिटास २४० मात्रांच्या द्रुत तीनतालात एक मात्रा पाव सेकंदाची असते. म्हणजे गुरूने धरलेल्या ठेक्यावर शिष्य अचूक गायला, तरी गुरूच्या कानी तो मात्राभराहून उशिराच पडतो. त्यामुळे दोघांनी एकत्र गाणे बंद पडते. एकाने गावे, दुसऱ्याने मग म्हणावे, एवढेच उरते. शिवाय संभाषणासाठी बनविलेली ही साधने तानपुऱ्याच्या अखंड नादास गोंगाट समजून दाबून टाकतात! म्हणून जाणते शिक्षक ती सोय आधी बंद करावयास लावतात आणि तानपुरा शिष्याच्याच बाजूस वाजता ठेवतात.

नादाकडे कान लावण्याची तालीम अशी निम्मी यंत्राच्या खटपटीत जाते, अशी तक्रार ऐकू येते व ती खोटी नाही. परंतु परगावी बदली झालेल्या शिष्याचे शिक्षण पूर्वी तेथेच संपत असे, हेही खरे. आज ते सुटत नाही.

महाजन कुटुंबांपुढे हा प्रश्न अधिक निकट आहे, कारण देवळातील सुवारी एकट्याने वाजविता येत नाही. घुमट, शामेळ आणि कांसाळे एकाच क्षणी परस्परांस ऐकू यावी लागतात, आणि घुमटाचा खर्ज तर भ्रमणध्वनीच्या इवल्या ध्वनिवर्धकातून नीटसा उमटतच नाही. सुदामा नगरातील मुलास बोल पडद्यावरून पाठ करता येतील. साथीस बसावयाचे तर उत्सवापूर्वी चार दिवस गावी यावे लागेल, आणि त्यासाठी रजा, शाळेची असो वा कचेरीची, आधीच मागून ठेवावी लागेल.