अर्थशास्त्राची बी.ए. आणि आपल्या दोन भाषा

दरवर्षी बारावीचा निकाल लागला की ट्रॉम्ब्यातली उर्दू माध्यमाची मुले-मुली एक प्रश्न घेऊन येतात. "सर, बी.ए.ला इकॉनॉमिक्स घेऊ का?" प्रश्न विचारतानाच चेहऱ्यावर उत्तर लिहिलेले असते. झेपणार नाही, ही खात्री. थोडे खोदून विचारले की कळते, भीती विषयाची नाही, भाषेची आहे. ज्या मुलीने दोन वर्षे 'मआशियात' उर्दूतून शिकले, 'तलब' आणि 'रसद' यांचे आलेख काढले, 'क़ानून-ए-तलब' अपवादांसकट पाठ केला, ती पदवीच्या पहिल्या वर्गात बसते आणि तिथे सगळे अनोळखी होते. डिमांड, सप्लाय, मार्जिनल युटिलिटी. वस्तू त्याच असतात, नावे बदललेली असतात. महिनाभरात ती विषय बदलून येते आणि घरी, मोहल्ल्यात एक समजूत आणखी पक्की होते: अर्थशास्त्र आपल्यासारख्यांसाठी नाही.

ही समजूत इतिहासाला धरून नाही. अर्थशास्त्र मराठीत आणि उर्दूत लिहिले गेले आहे, आणि उर्दूत तर ते विद्यापीठाच्या पदवीपर्यंत शिकवलेही गेले आहे. तो इतिहास आपल्या मुलांना कोणी सांगत नाही, म्हणून हा लेख.

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ ची. त्याच्या आठ वर्षे आधी, १८४९ मध्ये, लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख यांनी 'लक्ष्मीज्ञान' हे पुस्तक मराठीत आणले. विषय होता इंग्रज ज्याला पोलिटिकल इकॉनॉमी म्हणत तो. १८५५ मध्ये कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी 'अर्थशास्त्रपरिभाषा' लिहिले. नावे पाहा. एकाला हा विषय संपत्तीचे ज्ञान वाटला, तर दुसऱ्याला त्यासाठी आधी परिभाषा हवी असे वाटले. कौटिल्याच्या 'अर्थशास्त्रा'ची हस्तलिखित प्रत म्हैसूरला सापडली ती १९०५ मध्ये. म्हणजे विषयासाठी 'अर्थशास्त्र' हा शब्द मराठीत त्याच्या पन्नास वर्षे आधी वापरात होता. शब्द कोणीतरी बसून, विचार करून घडवावे लागतात. ते आभाळातून पडत नाहीत.

विद्यापीठ आले आणि पदवीची भाषा मात्र इंग्रजी झाली. १८६२ मध्ये पदवी मिळवणाऱ्या पहिल्या तुकडीत महादेव गोविंद रानडे होते. पुढे १८९२ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांनी 'भारतीय अर्थशास्त्र' या विषयावर जे व्याख्यान दिले, ते या देशातल्या अर्थविचाराचा पाया मानले जाते. विलायतेतल्या सिद्धांतांना देशकाल असतो, ते इथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत, हा त्याचा गाभा. व्याख्यान अर्थातच इंग्रजीत होते. याच रानड्यांनी विद्यापीठाच्या परीक्षांत मराठीला जागा मिळावी म्हणून आयुष्यभर खटपट केली. इंग्रजीत पारंगत असलेल्या माणसाला मराठीची गरज का वाटली असेल, यावर आपण विचार करायला हवा.

आता उर्दूकडे येऊ. १८४० च्या दशकात दिल्ली कॉलेजात इंग्रजी ग्रंथांची उर्दू भाषांतरे होत होती, त्यांत पोलिटिकल इकॉनॉमी होती. १८६४ मध्ये सर सय्यद अहमद खान यांनी गाझीपूरला सायंटिफिक सोसायटी काढली, तिनेही हा विषय उर्दूत आणला. मग १९०३-०४ च्या सुमारास लाहोरच्या एका तरुण शिक्षकाने 'इल्म-उल-इक़्तिसाद' हे पुस्तक लिहिले. त्या शिक्षकाचे नाव मुहम्मद इक़बाल. आपल्या घरांत इक़बाल शायर म्हणून माहीत आहेत. त्यांचे पहिले छापील पुस्तक कवितेचे नव्हते, अर्थशास्त्राचे होते, हे सांगितले की मुले चकित होतात. पुस्तकाच्या सुरुवातीलाच त्यांनी विचारले आहे की गरिबी हा जगाच्या रचनेचा अटळ भाग आहे का, की ती दूर होऊ शकते. भाषा नीट व्हावी म्हणून त्यांनी मजकुराचा काही भाग शिबली नोमानींना दाखवला होता.

पण एखादे पुस्तक निघणे वेगळे आणि एखाद्या विद्यापीठाने तो विषय त्या भाषेत शिकवून पदवी देणे वेगळे. ते काम हैदराबादला झाले. १९१७ मध्ये तिथे 'दार-उल-तर्जुमा' म्हणजे भाषांतर विभाग सुरू झाला, १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठाची स्थापना झाली आणि १९१९ मध्ये वर्ग भरू लागले. इंग्रजी हा विषय सर्वांना सक्तीचा होता, पण इतिहास, गणित, विज्ञान, अर्थशास्त्र हे सगळे उर्दूतून. आधी पुस्तके, मग वर्ग, हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. मुहम्मद इलियास बर्नी यांचे 'इल्म-उल-मईशत' १९१७ चे आणि पुढे बर्नी स्वतः उस्मानियात अर्थशास्त्र शिकवत होते.

शब्द कसे घडवायचे यावर तिथे मोठे वाद झाले. काहींचे म्हणणे, अरबी धातूंवरूनच घडवा. वहीदुद्दीन सलीम यांनी १९२१ च्या 'वज़ा-ए-इस्तिलाहात' या ग्रंथात अरबीबरोबर फारसी आणि हिंदी घटकही वापरण्याची बाजू मांडली. 'मार्जिनल युटिलिटी'ला उर्दूत 'इफ़ादा-ए-मुख़्ततम' म्हणतात आणि मराठीत 'सीमांत उपयोगिता'. दोन्ही जड आहेत हे मी मान्य करतो. पण चौथी चपाती पहिलीइतकी गोड का लागत नाही, हे एकदा समजले की दोन्ही सोपे आहेत. आणि समजले नाही तर इंग्रजी शब्दही तितकाच जड असतो. तो फक्त मोठा वाटतो, म्हणून आपण तक्रार करत नाही.

या कहाणीत महाराष्ट्र कुठे आहे, असे कोणी विचारेल. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. तेव्हाच्या औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, उस्मानियाचे इंटरमिजिएट कॉलेज होते आणि मौलवी अब्दुल हक़ काही काळ त्याचे प्राचार्य होते. दार-उल-तर्जुमाचे पहिले प्रमुखही तेच. अंजुमन-तरक़्क़ी-ए-उर्दूचे कार्यालयही बरीच वर्षे औरंगाबादला होते, १९३८ मध्ये ते दिल्लीला गेले. उर्दूतल्या आधुनिक ज्ञानभाषेचे बरेचसे काम आजच्या महाराष्ट्राच्या जमिनीवर झाले आहे.

पण चित्र एकाच बाजूने रंगवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. हैदराबाद संस्थानात बहुसंख्य लोक तेलुगू, मराठी आणि कन्नड बोलणारे होते. परभणीच्या किंवा बीडच्या शेतकऱ्याच्या मुलाला उर्दू ही इंग्रजीइतकी परकी नसेल, पण घरची भाषा नक्कीच नव्हती. आपल्या भाषेत शिक्षण हे तत्त्व राज्याने एका भाषेपुरते मान्य केले आणि बाकीच्या भाषांना दारात उभे केले. १९३८ मध्ये औरंगाबादच्या वसतिगृहातून वंदे मातरम् चळवळ सुरू झाली, विद्यार्थी काढून टाकले गेले आणि त्यांतल्या अनेकांना नागपूर विद्यापीठाने प्रवेश दिला. त्या असंतोषात अनेक कारणे होती आणि भाषेचा प्रश्न त्यांच्या तळाशी होता. आज जेव्हा आपण उर्दूच्या हक्काबद्दल बोलतो, तेव्हा त्या मराठी विद्यार्थ्याचीही आठवण ठेवली पाहिजे. जे आपल्याला आज बोचते, ते त्याला तेव्हा बोचत होते.

१९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले आणि उस्मानियाचे माध्यम उर्दूवरून इंग्रजी झाले. ज्यांना राज्याची सत्ता नको होती, त्यांच्या रागात तीस वर्षांचे भाषेचे कामही वाहून गेले. शेकडो पुस्तके कपाटात गेली. मराठी किंवा तेलुगू विद्यार्थ्याला त्याची भाषा तेव्हाही मिळाली नाही.

याच काळातली दुसरी वाट मुंबईतून जाते. भीमराव आंबेडकरांना शाळेत संस्कृत शिकायचे होते, जातीमुळे ते नाकारले गेले, म्हणून त्यांनी फारसी घेतली. पुढे एल्फिन्स्टन कॉलेजातून अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र घेऊन ते १९१२ मध्ये बी.ए.ची परीक्षा उत्तीर्ण झाले. १९१३ मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले, नंतर लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सला गेले. मधल्या काळात, १९१८ ते १९२०, मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात त्यांनी अर्थशास्त्र शिकवले. १९२३ मध्ये त्यांचा रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. आपण त्यांना राज्यघटनेचे शिल्पकार म्हणून ओळखतो. पण शेतीचे लहान तुकडे का होतात, प्रांतांचा पैसा कुठून येतो, रुपयाचे मोल कोण ठरवतो, हे प्रश्न त्यांनी आधी हाताळले. वंचित समाजातल्या तरुणाने पदवीला हाच विषय घेतला, ही गोष्ट आपल्या मुलांनी नीट पाहावी. ज्याच्या हाती हिशेब नसतो त्याच्या वतीने दुसरे कोणीतरी हिशेब करते.

ट्रॉम्ब्याला हे वेगळे सांगायला नको. १९७६ च्या मे महिन्यात, आणीबाणीत, जनता कॉलनी उठवून हजारो माणसांना चिता कॅम्पच्या दलदलीच्या जमिनीवर आणून वसवले गेले. ही कहाणी आपल्याकडे घराघरात सांगितली जाते. कोणाचे सामान भिजले, कोणाची शाळा सुटली. पण त्या स्थलांतराने प्रत्येक कुटुंबाच्या उत्पन्नावर काय परिणाम झाला, कामावर जायचे अंतर वाढल्याने किती रोजंदारी गेली, हे मोजणारा आपल्यातला विद्यार्थी कुठे होता? अर्थशास्त्रात 'संधी खर्च' म्हणून एक कल्पना आहे. एक गोष्ट करताना जी दुसरी सोडावी लागते, तिचे मोल. दाखल्यासाठी दिवसभर रांगेत उभ्या राहणाऱ्या मजुराची बुडालेली मजुरी हा त्या दाखल्याचा खरा खर्च असतो. पावतीवर तो कधीच लिहिलेला नसतो. ही कल्पना समजायला आपल्या मुलांना पुस्तकाबाहेरचे उदाहरण शोधावे लागत नाही.

जवळच देवनारला टाटा समाजविज्ञान संस्था आहे, आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे. आपल्या गल्ल्यांत सर्वेक्षणाची मुले वह्या घेऊन येतात. आपण उत्तरे देतो. प्रश्न तयार करणाऱ्यांत आपण फारसे नसतो. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालाचे नाव प्रत्येक सभेत घेतले जाते. वीस वर्षांवरील एकूण लोकसंख्येत पदवी किंवा पदविका असलेले सुमारे ७ टक्के, तर मुस्लिमांत ४ टक्क्यांहून कमी, हे त्या अहवालातले आकडे. पण ते कोणत्या जनगणनेवरून काढले, कोणत्या वयोगटाचे आहेत, त्यानंतर काय बदलले, हे विचारणारा सभेत विरळाच. त्या समितीचे सदस्य सचिव अबू सालेह शरीफ हे अर्थतज्ज्ञ होते. अहवाल नुसता मिरवायचा नसतो, वाचायचा असतो. आणि वाचायला तोच विषय लागतो जो आपली मुले पहिल्या महिन्यात सोडतात.

मग करायचे काय? शिडी पाहू. बालभारतीची अकरावी-बारावीची अर्थशास्त्राची पुस्तके उर्दूत आहेत. त्यानंतर मुंबईत उर्दूची पायरी नाहीशी होते. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या हैदराबादच्या मौलाना आझाद राष्ट्रीय उर्दू विद्यापीठाने दूरशिक्षणाने उर्दूतून बी.ए.ची सोय केली, ती एक वाट. पण रोजच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीसाठी आणखी एक पायरी अगदी शेजारी आहे आणि आपण तिच्याकडे पाहत नाही. ती मराठीची. मुंबई विद्यापीठाच्या दूरशिक्षण विभागाचे अर्थशास्त्राचे मराठी साहित्य आहे, नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचे आहे.

आणि मराठी अर्थव्यवहार उर्दू जाणणाऱ्याला परका नाहीच. बाजार, किंमत, नफा, जमा, खर्च, कर्ज, रक्कम, वसूल, महसूल, हिशेब, दलाल, मजुरी. हे शब्द फारसी-अरबीतून आले आणि मराठीच झाले. शिवाजी महाराजांच्या काळात 'राज्यव्यवहारकोश' तयार झाला, दरबारी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले गेले. तरीही बाजारातली माणसे हिशेबच करत राहिली आणि नफाच मोजत राहिली. उर्दू शाळेतून आलेल्या मुलीला मराठी अर्थशास्त्रातले निम्मे रोजचे शब्द आधीच येतात. उरलेल्यांसाठी मी वर्गात एक साधी वही करायला सांगतो. तीन रकाने: उर्दू, मराठी, इंग्रजी. तलब, मागणी, डिमांड. रसद, पुरवठा, सप्लाय. इफ़रात-ए-ज़र, चलनवाढ, इन्फ्लेशन. दोनशे शब्दांत पदवीचे पहिले वर्ष बहुतेक आटोपते. आधी उर्दूत समजून घ्यायचे, मराठीत वाचायचे, मग इंग्रजी पुस्तक उघडायचे. इंग्रजी टाळायची नाही. उस्मानियानेही ती टाळली नव्हती. फक्त विषय समजण्याची अट म्हणून ती दारात उभी करायची नाही.

निकालाचे दिवस जवळ आले आहेत. तुमच्या घरात, इमारतीत बारावीचे कोणी असेल आणि त्याला किंवा तिला हा विषय आवडत असेल, तर 'कठीण आहे, सोड' हे पहिले वाक्य बोलू नका. आधी ती तीन रकान्यांची वही हातात द्या.