भाजीच्या वाफ्यातून उगवलेलं शहर

आजची गोष्ट एका थांब्याची आहे.

ऑगस्ट २००९ मध्ये नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे मुंबईहून एकटेच शिडाच्या बोटीतून पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले आणि मे २०१० मध्ये परत आले. त्यांची ‘म्हादेई’ गोव्यातल्या दिवाडी बेटावर बांधलेली. वाटेत थांबे फक्त चार : फ्रीमँटल, लिटल्टन, पोर्ट स्टॅन्ली आणि शेवटचा केपटाउन. पाणी भरायचं, शिधा घ्यायचा, दुरुस्ती करायची आणि निघायचं.

यातलं केपटाउन मुळात वसलं तेच अशा थांब्यासाठी!

आपल्या जुन्या कागदांत डच लोकांना ‘वलंदेज’ म्हणतात. त्यांच्या ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं मसाल्यासाठी हॉलंडहून थेट जावापर्यंत जायची. प्रवास सहा-आठ महिन्यांचा, आणि जेवायला खारवलेलं मांस अन् कडक बिस्किटं. ताजी भाजी नाही, फळ नाही. मग स्कर्व्ही व्हायचा. म्हणजे हिरड्या सुजतात, दात हलतात, जुन्या जखमा पुन्हा उघडतात. हे ‘क’ जीवनसत्त्वाच्या अभावाने होतं, हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. पण ताजं खाल्लं की माणूस उठून बसतो, एवढं खलाशांनी पाहिलं होतं.

१६४७ मध्ये ‘हार्लेम’ नावाचं जहाज आफ्रिकेच्या टोकाजवळ, टेबल बे इथे फुटलं. त्यातले काही लोक जवळजवळ वर्षभर तिथेच राहिले. त्यांनी भाजी पिकवली, तिथल्या खोईखोई पशुपालकांकडून गुरं घेतली आणि परत गेल्यावर कंपनीला सांगितलं, इथे एक ठाणं करा.

६ एप्रिल १६५२ रोजी यान फान रिबेक तिथे उतरला. (तेव्हा शिवाजी महाराज बावीस वर्षांचे होते.) कंपनीचा हुकूम साधा होता : किल्ला बांधा, मळा लावा, येणाऱ्या जहाजांना पाणी, भाजी आणि मांस द्या. राज्य करायचा बेत नव्हता.

पण जहाजं येत राहिली आणि त्यांची भूक वाढत गेली. खोईखोई लोक तांबं आणि तंबाखूच्या बदल्यात जनावरं द्यायचे, पण किती देणार? कळपच तर त्यांची सगळी दौलत होती. मग १६५७ मध्ये कंपनीने आपल्याच काही नोकरांना मोकळं करून लीसबीक नदीकाठी शेतीला जमीन दिली. ती जमीन म्हणजे खोईखोईंची कुरणं. राबायला गुलाम आणले, त्यात पुढे बंगाल आणि मलबारहून पकडून नेलेले लोकही होते.

१६५९ मध्ये लढाई पेटली. पुढच्या वर्षी तहाच्या बोलण्यात खोईखोईंनी काय विचारलं, ते खुद्द रिबेकच्या रोजनिशीत नोंदलंय. आम्ही हॉलंडला आलो असतो, तर तुम्ही आम्हाला असं वागू दिलं असतं का? रिबेकचं उत्तर असं, की ही जमीन आता तुम्ही युद्धात गमावली आहे. त्याच सुमारास त्याने वसाहतीभोवती रानबदामाचं कुंपण लावायला घेतलं.

आणि १७१३ मध्ये एका जहाजावरचे मळके कपडे धुवायला किनाऱ्यावर आले. त्यांच्याबरोबर देवी आल्या. खोईखोईंच्या वस्त्याच्या वस्त्या ओस पडल्या. थांब्यावरचं किती साधं काम ना, कपडे धुणं!

१८६९ मध्ये सुएझ कालवा सुरू झाला आणि युरोपातून पूर्वेकडे येणाऱ्या जहाजांची केपला वळसा घालायची सक्ती संपली. पण शिडाच्या बोटीने पृथ्वीला फेरी मारणाऱ्यांची वाट आजही तिथूनच जाते. २०१८ मध्ये आपल्या नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांची ‘तारिणी’सुद्धा तिथे थांबली होती.

कधी केपटाउनला गेलात, तर दोन गोष्टी बघा. भर शहरातली ‘कंपनीज गार्डन’, जिथे जहाजांसाठी भाजी पिकायची. आणि कर्स्टनबॉश उद्यानातलं रानबदामाचं कुंपण. साडेतीनशे वर्षांनंतरही त्याचा तुकडा तिथे जिवंत आहे. दोन्ही एकाच दिवसात बघून होतात.

भेटू पुढच्या भागात!