छत्रपती संभाजीनगर–मुंबई हवाई अंतर

छत्रपती संभाजीनगरचा चिकलठाणा विमानतळ (कोड : आयएक्सयू) आणि मुंबईचा छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळ यांच्यातील सरळ हवाई अंतर. ते सुमारे २७९ किमी, म्हणजे १५१ सागरी मैल भरते. दोन्ही विमानतळांच्या अक्षांश-रेखांशांवरून, पृथ्वीचा गोलावा धरून हे अंतर काढतात. रेल्वेने मनमाडमार्गे हाच प्रवास सुमारे ३७५ किमीचा होतो.

नकाशावर ही रेषा ओढली, तर ती गंगापूर आणि श्रीरामपूरच्या दरम्यान गोदावरी ओलांडते, संगमनेर उजवीकडे ठेवून हरिश्चंद्रगडाला जवळजवळ चाटून जाते आणि मुरबाडवरून डोंबिवलीच्या अंगाने मुंबईत उतरते. मराठवाड्याचे पठार, सह्याद्रीचा कडा आणि कोकणपट्टी असा महाराष्ट्राचा आडवा छेदच या रेषेवर मिळतो. प्रत्यक्षात विमान ठरलेल्या हवाई मार्गाने आणि नियंत्रण कक्षाच्या सूचनेनुसार वळणे घेत जाते, त्यामुळे कापलेले अंतर थोडे वाढते.

वेळेचे गणित अंतराइतके सरळ नाही. ताशी ८०० किमी वेगाने २७९ किमी कापायला एकवीस मिनिटे पुरतात. वेळापत्रकात मात्र साधारण एक तास दिलेला असतो. विमान जागेवरून हलल्यापासून मुंबईत पुन्हा जागेवर थांबेपर्यंतचा वेळ त्यात मोजतात. एवढ्या छोट्या पल्ल्यात पूर्ण वेग फार थोडा वेळ मिळतो. वर चढणे संपते न संपते तोच उतरणे सुरू होते. शिवाय मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच वापरता येते. गर्दीच्या वेळी किंवा पावसाळ्यात उतरण्याची पाळी येईपर्यंत विमानाला आकाशात घिरट्या घालाव्या लागतात. दिल्लीशी तुलना केली की हे लख्ख दिसते : संभाजीनगर–दिल्ली अंतर सुमारे ९८० किमी, म्हणजे साडेतीन पट; वेळ मात्र दुपटीच्या आसपासच.

चिकलठाण्याची धावपट्टी पूर्व-पश्चिम, सुमारे २,८३५ मीटर लांब आणि समुद्रसपाटीपासून सुमारे ५८२ मीटर उंचीवर आहे. या मार्गावरची सर्वांत दुःखद घटना इथलीच. २६ एप्रिल १९९३ रोजी दिल्लीहून जयपूर, उदयपूर करत आलेले इंडियन एअरलाइन्सचे बोइंग ७३७ मुंबईकडे झेपावताना धावपट्टीपलीकडच्या बीड रस्त्यावर कापसाच्या गाठी भरलेल्या ट्रकला धडकले. विमानातील ११८ जणांपैकी ५५ जण मृत्युमुखी पडले. चौकशीत वैमानिकांनी विमान उशिरा उचलल्याचा ठपका आला, तसाच त्या रस्त्यावरची वाहने न रोखल्याचाही. गावाबाहेरचा वर्दळीचा रस्ता धावपट्टीच्या तोंडाशी मोकळा ठेवण्याची ती किंमत होती.

दारापासून दारापर्यंतचा हिशेब केला, तर विमानाची आघाडी बरीच आटते. विमानतळ गाठणे, चेक-इन, सुरक्षा तपासणी, बोर्डिंग आणि मग अंधेरीहून फोर्टपर्यंतची वाहतूक धरून चार-पाच तास सहज जातात. ३० डिसेंबर २०२३ रोजी जालन्याहून सुरू झालेली वंदे भारत संभाजीनगरहून सुमारे सहा तासांत थेट छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर पोहोचवते. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी–आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाल्यापासून मोटारीनेही घाटातली रखडपट्टी टळली आहे. दक्षिण मुंबईत काम असणाऱ्याला त्यामुळे रेल्वे परवडते. मुंबईहून पुढे परदेशी विमान पकडणाऱ्याला आणि अजिंठा-वेरूळसाठी बाहेरून येणाऱ्याला मात्र हा एका तासाचा हवाई टप्पाच सोयीचा.