चुलीचा धूर, शुक्रवारचं भांडं आणि आईच्या शिट्ट्या

हा या आठवड्याच्या एपिसोडचा लिखित भाग. लोकलमध्ये ऐकताना निम्मं ऐकूच येत नाही, अशी तक्रार गेल्या वेळी बऱ्याच जणांनी केली होती, त्यांच्यासाठी खास. बोलतानाचे "म्हणजे" आणि "ॲक्च्युअली" काढलेत, बाकी जवळपास तसंच ठेवलंय.

सुरुवात आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर झाली. अमेरिकेतून कायमचं परत आलेलं एक जोडपं नको असलेलं सामान विकत होतं. त्यात एक स्लो कुकर होता, १२०० रुपयांना. आत चिनी मातीचं जाड भांडं, वर काचेचं झाकण, पुढे एक बटण: लो, हाय, वॉर्म. मी लगेच घेतला. प्लग लावणार एवढ्यात खालचा स्टिकर वाचला. १२० व्होल्ट! आपल्याकडे भिंतीतून येतात २३०. हीटिंग कॉइलची पॉवर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे हा २४० वॅटचा कुकर आपल्या घरात ८८० वॅट ओढायला गेला असता. बीटेकची चार वर्षं त्या एका मिनिटात वसूल झाली. मग स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर आणला. तो मटणापेक्षा जड आहे.

ट्रान्सफॉर्मरची वाट बघत बसलो होतो त्या दिवसांत डोक्यात आलं की हे भांडं आलं कुठून? आपल्याकडे मटण म्हटलं की चूल नाहीतर शिट्टी. आठ तास मंद आचेवर ठेवून कामाला निघून जायचं, हे कुणाला सुचलं?

उत्तर शोधत विल्निअसला पोचलो. आज ती लिथुआनियाची राजधानी. एकोणिसाव्या शतकात तिथे ज्यू लोकांची मोठी वस्ती होती. त्यांचा शब्बाथ शुक्रवारच्या सूर्यास्ताला सुरू होतो आणि शनिवारी रात्री संपतो. तेवढ्या वेळात विस्तव पेटवायचा नाही, स्वयंपाक करायचा नाही. पण शनिवारी दुपारी गरम जेवण तर हवंच. मग शुक्रवारी दुपारी मांस, शेंगवर्गातले दाणे, बार्ली, बटाटे, कांदा असं सगळं एका भांड्यात भरायचं आणि गल्लीतल्या बेकरीत नेऊन द्यायचं. बेकरीवाला शब्बाथसाठी भट्टी विझवायचा, पण विटा तापलेल्या असायच्या. त्या विटा निवता निवता रात्रभर भांडं शिजायचं. या पदार्थाचं नाव चोलंट.

आमच्या क्षेत्रात एक अलिखित नियम आहे: शुक्रवारी संध्याकाळी डिप्लॉय करू नये. या लोकांनी पिढ्यानपिढ्या नेमकं तेच केलं. शुक्रवारी संध्याकाळी सगळं सेट करून हात काढून घ्यायचा, आणि दुसऱ्या दिवशी उघडून बघायचं. अन्न गरम राहावं म्हणून ते कशात गुंडाळावं आणि कशात नाही, याचे नियम इसवी सन २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या ग्रंथातसुद्धा आहेत.

हे फार लांबचं वाटत असेल तर जरा अलिबागकडे बघा. कोकणातले बेने इस्राएल लोक तेलाचा घाणा चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे. म्हणून गावकरी त्यांना 'शनिवार तेली' म्हणायचे. मराठी बोलणारे, नावापुढे गावावरून 'कर' लावणारे हे लोक शनिवारची सुट्टी शतकानुशतकं पाळत आले.

या शनिवारच्या भांड्याची एक काळी बाजूही आहे. स्पेनमध्ये या पदार्थाला अदाफिना म्हणत. १४९२ मध्ये तिथल्या ज्यूंना सांगण्यात आलं, ख्रिस्ती व्हा नाहीतर देश सोडा. बरेच जण ख्रिस्ती होऊन राहिले. मग इन्क्विझिशन शोधायचं की यातला कोण अजून गुपचूप जुना धर्म पाळतोय. शुक्रवारीच शिजवून ठेवलेलं शनिवारचं जेवण ही त्यातली एक खूण होती. शेजारीण नाहीतर मोलकरीण साक्ष द्यायची, आणि घरातलं भांडं पुरावा व्हायचं. असंच इन्क्विझिशन पोर्तुगिजांनी १५६० मध्ये गोव्यात आणलं. गार्सिया द ऑर्ता हा वैद्य तुम्ही ऐकला असेल. मुंबई बेट काही काळ त्याच्याकडे भाडेपट्ट्यावर होतं. तो ज्यू वंशाचा. १५६९ मध्ये त्याच्या बहिणीला, कातारीनाला, गोव्यात जिवंत जाळलं. तो स्वतः आदल्या वर्षी वारला होता, म्हणून १५८० मध्ये त्याची हाडं उकरून जाळली. हे रेकॉर्ड करताना मी जरा थांबलो होतो, ऑडिओमध्ये तो गॅप आहे.

परत विल्निअसला येऊ. तिथून एक कुटुंब अमेरिकेला गेलं. त्यांच्या एका मुलाचं नाव आयर्विंग नाखुमसन. तो इलेक्ट्रिकल इंजिनिअर झाला आणि पुढे त्याने नाव बदलून नॅक्सन केलं. लहानपणी भांडं घेऊन बेकरीत कशी जायचे, हे त्याच्या आईने त्याला सांगितलं होतं. शिकागोत उन्हाळ्यात ओव्हन लावला की घर तापायचं. त्याने विचार केला की अख्खी भट्टी कशाला तापवायची? भांड्याच्या भोवतीच कॉइल गुंडाळू. १९३६ मध्ये पेटंटसाठी अर्ज, १९४० मध्ये पेटंट मंजूर. नाव ठेवलं 'नॅक्सन बीनरी', कारण मुख्यतः बीन्स शिजवायला ते विकलं जाई. आईच्या आठवणीचं पेटंट घेतलेला माझ्या माहितीतला हा एकच इंजिनिअर.

१९७० मध्ये कॅन्सस सिटीच्या रायव्हल कंपनीने त्याचा धंदा विकत घेतला आणि १९७१ मध्ये तेच यंत्र 'क्रॉक-पॉट' नावाने बाजारात आणलं. पहिल्या वर्षी विक्री २० लाख डॉलरची, १९७५ मध्ये ९ कोटी ३० लाखांची. मधे १९७४ मध्ये आतलं भांडं बाहेर काढता येईल अशी सोय केली. त्याआधी धुताना अख्खं यंत्र सिंकमध्ये धरायला लागायचं, आणि वायर भिजू द्यायची नाही. हा यूजर एक्सपिरिअन्सचा बग दुरुस्त व्हायला ३४ वर्षं लागली.

विक्री का वाढली? १९७० मध्ये अमेरिकेतल्या सुमारे ४३ टक्के स्त्रिया नोकरी करत होत्या किंवा शोधत होत्या. १९८० पर्यंत हा आकडा ५१ च्या पुढे गेला. जाहिरातींचा रोख त्यांच्याकडेच होता: सकाळी भरा, संध्याकाळी वाढा. पण यात एक गोम आहे. भांड्यामुळे बाईला घराबाहेर पडता आलं हे खरं, तरी सकाळी सातला कांदा चिरून ते भरायचं तिनेच. नवऱ्याने भरावं असं कुठल्या कॉइलने सांगितलं नाही.

आता थोडं विज्ञान, कंटाळा करू नका. जनावराचा जो भाग जास्त हलतो, म्हणजे पाय, मांडी, छाती, तिथे कोलॅजन जास्त असतं. म्हणून तो चिवट, आणि म्हणूनच बहुतेक ठिकाणी स्वस्त. हे कोलॅजन ७० अंशांच्या पुढे हळूहळू विरघळतं आणि जिलेटिन होतं. त्याला वेळ लागतो. जगभरातल्या गरिबांनी हे प्रयोगशाळेशिवाय शोधून काढलं. टेक्सासमध्ये जर्मन आणि चेक खाटकांनी न विकलेलं मांस लाकडाच्या धुरात लटकवायला सुरुवात केली, आणि पुढे छातीचा चिवट तुकडा, ब्रिस्केट, बारा-बारा तास धुरावर ठेवणं ही तिथली ओळख झाली. मजा म्हणजे ब्रिस्केट हा चोलंटचासुद्धा आवडता तुकडा. धुरावर ठेवलं की ६५-७० अंशांच्या आसपास ब्रिस्केटचं तापमान कित्येक तास हलतच नाही. मांसातून घामासारखं पाणी उडत राहतं आणि ते गार पडत राहतं. डाउनलोड ९९ टक्क्यांवर अडकावं तसं. नवखे घाबरून आच वाढवतात आणि मांस वाळवून टाकतात.

आणि इथे मला माझी आजी आठवली.

कराडजवळच्या आमच्या गावी रविवारी चुलीवर मटण व्हायचं. चुलीला शेजारी एक वैल असतो, हे शहरात वाढलेल्यांना माहीत नसेल. मुख्य चुलीतली धग आतल्या वाटेने त्याच्याखाली येते. स्वतःचं जळण नाही, ज्वाळा नाही, फक्त उरलेली ऊब. भाकरी चुलीवर आणि मटणाचं पातेलं वैलावर. बोकडाचे पाय आणले की रात्री वैलावर ठेवून आजी निखारे राखेत झाकायची. सकाळी रस्सा बोटाला चिकटायचा. विल्निअसची भट्टी आणि आमचा वैल, तत्त्व एकच.

आज पुणे-सातारा रस्त्यावर दर थोड्या अंतराने पाटी दिसते: चुलीवरचं मटण. मीही थांबतो, खोटं कशाला बोलू. पण एक सांगतो. टेक्सासमध्ये मांस उघडं धुरात असतं, म्हणून धुराची चव लागते. आपल्या पातेल्यावर झाकण असतं. आत धूर जातोच किती? आपल्याला जी चव आवडते ती संथ आचेची असते, निखाऱ्यावर भाजलेल्या कांदा-खोबऱ्याची असते. धूर मटणात गेलाच नाही. तो आजीत गेला.

तिला खोकला सुरू झाला तेव्हा मी आठवीत होतो. पहिल्या डॉक्टरने विचारलं, "विडी ओढता का?" आजी इतकी रागावली की परत त्या दवाखान्यात गेली नाही. काही वर्षांनी दुसऱ्या डॉक्टरने विचारलं, "चुलीवर स्वयंपाक किती वर्षं केला?" तिने बोटं मोजली. ४५. आता तिच्या उशाशी इन्हेलर असतो.

आई लग्न होऊन आली ती कुकर घेऊन. ती तालुक्याला नोकरीला जायची, साडेनऊची एसटी. तिला आठ तासांचं मटण परवडणारं नव्हतं. प्रेशर कुकरचा मूळपुरुष दनी पापँ नावाचा फ्रेंच माणूस. १६७९ मध्ये त्याने हाडं मऊ करणारं यंत्र तयार केलं, आणि १६८२ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या सभासदांना त्यात शिजवलेलं जेवण घातलं. जॉन एव्हलिनने आपल्या रोजनिशीत त्याची नोंद केलीय, हाडं चीजसारखी मऊ झाली होती म्हणून. आपल्याकडे हॉकिन्स आणि प्रेस्टिज ही नावं १९५९ पासूनची. आत दाब वाढला की पाणी १०० ऐवजी १२० अंशांच्या आसपास उकळतं, आणि कोलॅजनचं तासांचं काम मिनिटांत होतं. अमेरिकेतल्या नोकरदार बाईला उत्तर मिळालं सावकाश भांड्याचं, माझ्या आईला मिळालं घाईच्या भांड्याचं. "मटणाला न्याय मिळत नाही," असं आजी कुकरबद्दल म्हणायची. आई काही बोलायची नाही, शिट्ट्या मोजायची.

तर ट्रान्सफॉर्मर आला. आजी तपासणीसाठी आमच्याकडे आली होती, तेव्हाच प्रयोग करायचा ठरवला. करून बघणाऱ्यांसाठी शिकलेल्या गोष्टी सांगतो. स्लो कुकरमध्ये काहीही परतलं जात नाही, म्हणून वाटण आधी कढईत तेल सुटेपर्यंत परतूनच घाला, नाहीतर तर्री विसरा. वाफ बाहेर जात नाही, म्हणून पाणी नेहमीच्या निम्मं. मटण फ्रीझरमधून थेट टाकू नका, ते धोक्याच्या तापमानात फार वेळ राहतं. लाइट बराच वेळ गेली असेल आणि तुम्ही झोपलेले असाल तर ते मटण खाऊ नका, मन घट्ट करून फेका. आणि राजमा कधीही कच्चा टाकू नका. त्यातलं विष मंद आचेवर नष्ट होत नाही. भिजवून, ते पाणी फेकून, नव्या पाण्यात अर्धा तास खळखळून उकळा, मगच. बीन्ससाठी जन्मलेल्या यंत्राची ही अवस्था.

शनिवारी रात्री अकराला लो वर ठेवलं. तीनला वासाने जाग आली. झाकण उघडलं की अर्ध्या तासाची ऊब जाते, म्हणून हात मागे घेतला आणि ओट्याशी उभा राहिलो. सकाळी आजी उठून आली, कसलाही विचार न करता तिने झाकण काढलं आणि नळीचा तुकडा चमच्याने दाबला. मांस हाडावरून सुटलं.

"वैलावर ठिवलं व्हतंस व्हय रं?"

मी वायर दाखवली, ट्रान्सफॉर्मर दाखवला. तिने विचारलं बिल किती येतं. २४० वॅट, आठ तास, दोन युनिटच्या आतच. पंधरा-वीस रुपये धर म्हटलं. तिने जळणाचा भाव मनात लावला असावा, कारण मान हलवली. मग आईला हाक मारून म्हणाली, "उद्या पाय आणाय सांग त्याला. आन् मीठ तू बघ, ह्याच्यानं कमी पडलंय."