मंदगतीची सनद

चलच्चित्राच्या आरंभकाळी पडद्यावरील काल हा छायालेखकाच्या मनगटाचा ताबेदार होता. कॅमेऱ्याच्या हँडलच्या एका फेऱ्यात आठ चित्रे आणि सेकंदास दोन फेरे, अशी वहिवाट पडली होती. तेच हँडल दुप्पट वेगाने फिरवून घेतलेली फिल्म नेहमीच्या चालीने दाखविली, की उधळलेल्या घोड्याची टाप भुईला टेकण्यास दुप्पट अवधी घेई, आणि चित्रे विरळ घेतली, की काळच धावत सुटे. या दुसऱ्या किमयेचा आपल्याकडील ठळक दाखला दादासाहेब फाळक्यांचा: १९१२ च्या सुमारास, भांडवल देणाऱ्यांची खात्री पटविण्यासाठी, वाटाण्याच्या रोपाचे रोज एकेक चित्र टिपून त्यांनी अंकुराची कित्येक दिवसांची वाढ काही क्षणांत उलगडून दाखविली.

काळ धावडविणे मनगटाच्या आवाक्यातले होते. तो फार थोपविणे नव्हते. फिल्म प्रत्येक चित्रापुरती थांबते आणि पुन्हा ओढली जाते. हा हिसका सेकंदात शेकडो वेळा देऊ गेल्यास ती फाटणारच. यावर तोड काढली ती आउगुस्ट मुसगर या ऑस्ट्रियातील ग्राट्स शहरीच्या धर्मोपदेशकाने, जो पदार्थविज्ञानही शिकवीत असे. त्याने फिल्म अखंड वाहती ठेवली आणि फिरत्या आरशांच्या योगे प्रतिमाच तिच्याबरोबर सरकविली, म्हणजे थांबण्याचा प्रश्नच उरला नाही. वास्तविक त्याला हवे होते पडद्यावरील लुकलुकीचे निवारण. मंदगती हे त्या खटपटीचे आनुषंगिक फळ. १९०४ साली पेटंटची सनद पदरी पडली, पण फीचा भरणा न झाल्याने १९१२ त ती रद्द झाली, आणि १९१४ मध्ये ड्रेस्डेनच्या एर्नेमान कारखान्यातील हान्स लेमान याने तेच तत्त्व सुधारून यंत्र लोकांपुढे मांडले. कायद्याच्या दप्तरात यात कसूर कोणाचीच नाही; न्यायाची गोष्ट निराळी.

पुढे बोलपट आला. ध्वनीची पट्टी फिल्मवरच असल्याने वेग बदलला की आवाजाची पट्टीही चढे-उतरे, म्हणून सेकंदाला चोवीस चित्रांचा हुकूम कायम झाला आणि हँडल मारणाऱ्याची ती जुनी अखत्यारी संपुष्टात आली. तरीही कुरोसावाने ‘सेव्हन समुराई’त (१९५४) तलवारीने पडणारा माणूस मंदावून दाखविला, तो चित्रणाच्या वेळीच गती वाढवून. ज्यांना हे नंतर सुचे, त्यांची भिस्त प्रयोगशाळेवर: तेथे एकेक चित्र दोनदा-तीनदा छापून लांबण लावीत, आणि हालचाल हिसके खात चाले.

आज क्लिपची गती संकलकाच्या मेजावर टक्क्यांत ठरते. पंचवीस चित्रांचा सेकंद निम्म्या गतीवर आणला की पंचवीस चित्रे कमी पडतात. संगणक एकतर जुनीच दुबार लावतो, नाहीतर दोन चित्रांतील ठिपक्यांच्या सरकण्याचा अदमास घेऊन मधले चित्र स्वतः रचतो. ज्यांना काम चोख हवे ते आजही चित्रणापूर्वीच पन्नास किंवा शंभर चित्रांची मागणी नोंदवितात, आणि मला तीच रीत रास्त वाटते; कारण पाण्याचे तुषार उडाले, किंवा एक हात दुसऱ्याआड गेला, की त्या अदमासाची त्रेधा उडते आणि बोटांच्या कडा विरघळू लागतात.