पुसलेल्या नावांचे ओझे

हजेरीपटावरच्या एखाद्या मुलाचे नाव कमी केले, तर आपण त्यावर रेघ मारतो. नाव जाते, पण ओळ मात्र अडलेलीच राहते. मंगळावरची एक गाडी जवळपास अशाच कारणाने कायमची गप्प होता होता वाचली.

'नासा'ची 'स्पिरिट' ही सहाचाकी गाडी ४ जानेवारी २००४ रोजी मंगळावर उतरली. २१ जानेवारीला तिच्याशी संपर्क तुटला. त्या दिवशी ऑस्ट्रेलियात कॅनबेराच्या केंद्राजवळ वादळी पाऊस होता, त्यामुळे आधी संशय त्याच्यावरच गेला. पण दोष गाडीतच होता. तिचा संगणक पुन्हा पुन्हा बंद पडून सुरू होत होता आणि बॅटरी उतरत चालली होती.

या संगणकात वेगवेगळ्या प्रकारची स्मृती होती. वीज गेली तरी टिकणारी 'फ्लॅश' स्मृती २५६ मेगाबाइटची, तर चालू कामासाठीची १२८ मेगाबाइटची. संगणक सुरू होताना फ्लॅशमधल्या फायलींची यादी कामाच्या स्मृतीत घेई. फाइल पुसली, तरी यादीतली तिची ओळ जागा अडवून बसे. सात महिन्यांचा प्रवास आणि मंगळावरचे काम यांत ही यादी फुगत गेली. शेवटी तिला जागा पुरेना. मग संगणक अडखळे, नव्याने सुरू होई आणि पुन्हा तीच यादी वाचायला घेई!

पासाडेना इथल्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीतील अभियंत्यांनी फ्लॅशला हात न लावता सुरू होण्याची आज्ञा धाडली. गाडी शुद्धीवर आली. नको असलेल्या फायली काढल्या गेल्या आणि फेब्रुवारीत फ्लॅश पुसून नव्याने आखून घेतली.

मग आधी चाचण्या झाल्या नव्हत्या का? भरपूर झाल्या होत्या. पण सगळे भाग एकत्र जोडून घेतलेल्या चाचण्या थोड्याच दिवसांच्या होत्या. तेवढ्यात यादी फुगतच नसे. प्रत्येक भाग आपापल्या जागी ठीक होता. दोष होता तो त्यांच्या दीर्घ सहवासात.

म्हणूनच माहिती साठवणारा कार्यक्रम लिहिणाऱ्याने तो आपल्याच टेबलावर, खऱ्या साठवणीला जोडून, आणि ती साठवण पुरती भरलेली असताना तपासावा. रिकाम्या कपाटात सगळेच मावते. स्पिरिटचे नियोजित आयुष्य ९० मंगळदिवसांचे होते; तिचा शेवटचा संदेश आला तो २२ मार्च २०१० रोजी.